आजोबांचं ब्रॅकेट

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात : कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका वाचकांकडे १९५१ ची एमजी टीडी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे, दोघांपुरती, उघड्या टपाची. त्यांचे आजोबा साखर कारखान्यात इंजिनिअर होते. १९५८ साली मुंबईत, मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रजाकडून त्यांनी ती घेतली. १९७१ मध्ये इंजिनाची बेअरिंगं गेली, सुटे भाग मिळेनात, तेव्हा आजोबांनी तिच्यात अॅम्बॅसेडरचं इंजिन बसवलं आणि पुढे कितीतरी वर्षं ती तशीच चालवली. मूळ इंजिन लाकडी खोक्यात घालून ठेवलं, ते अजून आहे. गाडी बावीस वर्षं शेडमध्ये उभी आहे. वडील गेल्या वर्षी गेले आणि ती आता या वाचकांच्या ताब्यात आली. रॅलींना जाणारा मित्र सांगतो, ‘कारखान्यातून निघाली तशी कर, नाहीतर कुणी ढुंकून बघणार नाही.’ पुण्यातला धाकटा भाऊ म्हणतो, ‘आजकालचं इंजिन, फाइव्ह स्पीड, डिस्क ब्रेक टाकू, म्हणजे चालवता तरी येईल.’ चौऱ्याहत्तर वर्षांच्या आत्या म्हणतात, ‘अण्णांनी (म्हणजे आजोबांनी) केली तशीच ठेव.’ दहा लाखांपर्यंत खर्चाची तयारी आहे. वाचक विचारतात : एकदाच करायचं आहे, तर योग्य काय?

तुमचं पत्र दोनदा वाचलं, पण सोबतच्या फोटोंतला एकच फोटो मी परत परत उघडून बघत राहिले. इंजिनाखालच्या त्या लोखंडी ब्रॅकेटचा. पत्रा नाही, चांगली जाड पट्टी; कोपरे कानशीने गोल केलेले; वेल्डिंगची शिवण एकसारखी; आणि मधोमध नंबर-पंचाने ठोकलेली तारीख, १२-८-७१. तुम्ही फोटोखाली लिहिलं आहे, ‘हे जुगाड काढावं लागेल.’ त्या एका शब्दावर मी अडले. जुगाड करणारा माणूस तारीख ठोकत नाही. काम आपल्या नावावर राहावं असं ज्याला वाटतं, तोच ठोकतो.

म्हणून तुमच्या प्रश्नाकडे वळण्याआधी त्यात तुम्ही जे गृहीत धरलं आहे त्याबद्दल बोलते. ‘मूळ रूप’ म्हणताना तुमच्या डोळ्यांसमोर १९५१ साली इंग्लंडमधल्या अॅबिंग्डनच्या कारखान्यातून निघालेली गाडी आहे. पण त्या गाडीला तुमच्या घरातल्या कुणी पाहिलेलंच नाही. आजोबांच्या हाती आली तेव्हा ती सात वर्षांची होती. अॅबिंग्डनमध्ये अशा सुमारे तीस हजार टीडी बनल्या आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. कारखान्यातून निघाल्यासारख्या चकचकीत टीडी जगात आजही शेकड्यांनी आहेत. १२ ऑगस्ट १९७१ चं ब्रॅकेट असलेली एकच आहे.

याचा अर्थ आत्यांचंच म्हणणं बरोबर आणि विषय संपला, असंही नाही. पण आजोबांनी केलं काय, ते आधी नीट समजून घ्या. तुम्हाला वाटतं त्यांनी नाइलाजाने हाताशी होतं ते इंजिन कोंबलं. मला तसं वाटत नाही. अॅम्बॅसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन मुळात ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) बी-सिरीजचं, आणि एमजीने स्वतः १९५५ साली काढलेल्या एमजीए या स्पोर्ट्स कारमध्ये त्याच घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन होतं. म्हणजे परवान्यांच्या त्या काळात, विलायतेहून एक बेअरिंग आणायला वर्ष लागत असताना, तुमच्या आजोबांनी गाडीला तिच्याच कुळातलं इंजिन दिलं. ताकदीचा हिशेबही जवळपास जुळतो : मूळ इंजिन ५४ अश्वशक्तीचं, अॅम्बॅसेडरचं ५५ च्या आसपास. कारखान्यातली नोकरी करणाऱ्या इंजिनिअरने हे पाहून-सवरून केलेलं काम आहे. तुम्ही स्वतः वर्कशॉप चालवता, तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल.

आता मित्राचं म्हणणं. स्पर्धेत परीक्षक मूळ रूपापासून जेवढं वेगळं दिसेल तेवढे गुण कापतात, हे खरंच आहे. पण मूळ रूप म्हणजे काय, यावर या क्षेत्रातलेही लोक आता जास्त सावधपणे बोलतात. जुन्या वाहनांची जागतिक संघटना ‘फिवा’ हिची ट्युरिन सनद म्हणून एक मार्गदर्शिका आहे. तिचा भर असा, की शक्य तेवढं कमी बदला, आणि वाहनाच्या आयुष्यात झालेले बदल हाही त्याच्या इतिहासाचा भाग माना. बऱ्याच प्रदर्शनांत आता न रंगवलेल्या, जशाच्या तशा जपलेल्या गाड्यांचा वेगळा वर्ग असतो. शिवाय एमजीचा स्वतःचा इतिहास मित्राला ऐकवा. या मालिकेतल्या गाड्यांची ताकद टप्प्याटप्प्याने कशी वाढवावी, याची पुस्तिका खुद्द कंपनी काढत असे. मोठे कार्बोरेटर आणि जादा शॉक अॅब्सॉर्बर लावलेली टीडी मार्क टू तर कारखान्यातूनच निघत असे. ‘जशी निघाली तशी’ आणि ‘बदललेली’ यांच्यामध्ये मित्र जेवढी जाड भिंत मानतो, तेवढी ती कधीच नव्हती.

भावाच्या बाजूला बसूनही बघायला हवं, कारण त्याची अडचण खोटी नाही. टीडीच्या मागच्या धुऱ्यात ५.१२५ चं प्रमाण आहे, म्हणजे चाक एकदा फिरायला गिअरबॉक्सकडून येणारा दांडा पाचहून जास्त वेळा फिरतो. ताशी ८० ला इंजिन मिनिटाला साडेतीन हजारांच्या आसपास फिरतं आणि कानाशी ओरडत असतं. पुणे-बेंगळुरू महामार्गावर मागून कंटेनर येतोय आणि तुम्ही चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या, सीट बेल्ट नसलेल्या गाडीत; ही भीती रास्त आहे. पण त्यावर त्याने काढलेला तोडगा मला पटत नाही. नव्या इंजिनासाठी इंजिनाचे आधार, गिअरबॉक्सखालची आडवी पट्टी, फायरवॉल (इंजिन आणि बसायच्या जागेमधली पत्र्याची भिंत), गाडीचा तळ, सगळं कापावं लागेल. कापलेली चासी परत जोडता येते, पण कापण्याआधीची होत नाही. दुसरं म्हणजे कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळं होईल असा फेरबदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये ते ठासून सांगितलं आहे. पासिंगला अडलात तर दहा लाखांची गाडी अंगणातली शोभा होऊन बसेल. अपघात झाला तर विम्याचं काय, हा प्रश्न त्याहून गंभीर.

भावाची खरी मागणी इंजिनाची नाही. गाडी रस्त्यावर धाप न टाकता पळावी एवढीच आहे, आणि ती चासीला हात न लावता बरीचशी पुरी होते. धुऱ्यातली क्राउन-पिनियन ही दातेरी चक्रं बदलून प्रमाण साडेचारच्या आसपास आणता येतं. जगभरातले टीडीवाले हे करतात. जुने दात तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवायचे, की परत बसवता येतात. मागे धोक्याचे दिवे, चांगले टायर, नव्याने बांधलेले ब्रेक. हे काम सरळ भावाकडे द्या. पुण्यातून भाग मागवणं, चौकशी करणं, हिशेब ठेवणं त्याला जमेल, आणि गाडी त्याचीही होईल. इतर वाचकांपैकी कुणाकडे इंजिन-गिअरबॉक्स आधीच भंगारात गेलेला नुसता सांगाडा असेल, तर त्यांना माझं उत्तर वेगळं असतं. तिथे जपायला जे उरलेलं नाही, त्याचा शोक करत बसण्यात अर्थ नाही. फक्त आरटीओत आधी विचारून मग हात घालावा.

कागदांबद्दल तुम्ही पत्रात एक ओळही लिहिलेली नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. आरसी बुक शोधा. ‘बीएम’पासून सुरू होणारा नंबर पाटीवर आहे तसाच पुस्तकात आहे का? चासी नंबर चासीच्या पुढच्या डाव्या टोकाला ठोकलेला असतो. तिथला मळ रॉकेल लावून पुसा, पॉलिश पेपर अजिबात घासू नका. मूळ इंजिनावर अष्टकोनी पितळी पट्टी असेल, तिच्यावरचा नंबर ‘एक्सपीएजी’ने सुरू होईल. आरसीवर कोणत्या इंजिनाचा नंबर आहे, जुन्या की अॅम्बॅसेडरच्या? आजोबांच्या हाताला शिस्त होती, तेव्हा त्यांनी नोंद करून घेतली असेल असं मला मनापासून वाटतं. केली नसेल, तर एक नट सोडण्याआधी आरटीओत जाऊन उलगडा करून घ्या.

व्हिंटेज नोंदणीविषयी अनेकजण विचारतात, म्हणून सर्वांसाठीच सांगते. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून जास्त झालेली, मूळ स्वरूपात असलेली, चासी-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार न झालेली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरणाला ५,०००. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. नव्याने नोंदली तर ‘व्हीए’ अक्षरांचा मिळतो. इथवर सगळे आनंदाने वाचतात. पुढची अट फार थोडे वाचतात : अशी गाडी रस्त्यावर आणायची ती प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच. तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलं आहे, ‘रविवारी मुलीला बसवून पन्हाळ्याला जाता आलं तर सगळं वसूल.’ मग तुम्हाला व्हिंटेज नोंदणी आज नको आहे. थकलेला कर आणि दंड भरून, फिटनेस करून, पर्यावरण कर देऊन साधी नोंदणी जिवंत करा. ती दर पाच वर्षांनी करत राहावी लागेल, पण पन्हाळ्याचा रस्ता मोकळा राहील.

आता, मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं. ‘एकदाच करायचं आहे’ हे सगळ्यात आधी सोडून दिलं असतं. जुन्या गाडीचं काम एकदाच होत नसतं, आणि एकदाच करायला गेलं की माणूस उत्साहात जे काढू नये ते काढतो. पहिल्या वर्षी आजोबांच्या अॅम्बॅसेडर इंजिनावरच गाडी चालती करायची. त्या इंजिनाचं काम करणारे हात आपल्याकडे अजून आहेत. बावीस वर्षं उभ्या इंजिनाला लगेच स्टार्टर मारू नका. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, दोन-तीन दिवस मुरू द्या, मग हँडलने हळू फिरवा. ब्रेकचे सिलिंडर, रबर, पाइप, सगळं नवीन. इथे एक रुपयाही वाचवायचा नाही. टाकी उतरवून आतून धुवा. पेट्रोलच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्याच घ्या, कारण पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. तुमच्याच भागातल्या उसाचं असलं तरी जुन्या रबराशी त्याचं जमत नाही, आणि ते ओलावा ओढून घेतं. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवा.

आणि त्याच वेळी, घाई न करता, खोक्यातलं इंजिन स्टँडवर चढवा. हे काम तुम्ही स्वतः करा असं मी आग्रहाने म्हणेन. साडेसहासष्ट मिलिमीटर बोअर, नव्वद स्ट्रोक, १२५० सीसी. लेथवर दिवस घालवणाऱ्या माणसाला मोह पडेल असं ते इंजिन आहे. हेड आणि ब्लॉक दोन्हींची तड्यांसाठी तपासणी आधी करून घ्या, मगच पिस्टन-बेअरिंगवर खर्च करा. हेड उघडलंच आहे तर व्हॉल्व्हच्या कडक सीट बसवून टाका. जुन्या सीटांना झिजेपासून वाचवणारं शिशाचं पेट्रोल आपल्याकडे २००० सालीच बंद झालं. दोन्ही एसयू कार्बोरेटरमधल्या बुचाच्या सीलांचा आतापर्यंत भुगा झाला असेल, त्या नव्या मिळतात. एक गोष्ट मात्र तुमच्या कारागिरांना पहिल्या दिवशी समोर बसवून सांगा : या इंजिनाच्या बोल्टांचे आटे मेट्रिक आहेत, पण डोकी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाची. पाना व्हिटवर्थचा लागतो म्हणून आटाही व्हिटवर्थचा समजून कुणी टॅप फिरवला, की सत्तर वर्षं टिकलेला आटा पाच मिनिटांत जातो. जगभर या इंजिनांचं नुकसान असंच झालं आहे. खोक्यातल्या बोल्टांचाच नमुना धरा, टॅपला (आटे पाडायच्या हत्याराला) हात लावण्याआधी आट्यांमधलं अंतर मोजणारं पिच गेज लावा.

दोन-तीन वर्षांनी ते इंजिन तयार होईल. तेव्हा ते बसवायचं की नाही, हे तेव्हा ठरवा. आजोबांनी ब्रॅकेट बोल्टने लावलंय की चासीला वेल्ड केलंय, ते फोटोत मला दिसत नाही. बोल्टने असेल (आणि एवढ्या नेटक्या माणसाने मूळ इंजिन जपून ठेवलं, त्याअर्थी परतीची वाट त्यानेही ठेवली असावी) तर तुम्हाला कायमची निवड करावीच लागत नाही. ब्रॅकेट सोडवून, तेल लावून, त्याच लाकडी खोक्यात ठेवता येईल. मित्राबरोबर स्पर्धेला जायचं असेल त्या वर्षी मूळ इंजिन. आणि व्हिंटेज नोंदणीचा अर्जही तेव्हाच करावासा वाटला तर वाट मोकळी.

लाकडाचं मात्र थांबू नका. टीडीच्या पत्र्याखाली अॅश लाकडाचा सांगाडा आहे. दारं मागच्या बाजूला बिजागरीवर लटकतात, त्यामुळे मागचा खांब कुजला की दार खाली बसतं. तुमच्या डाव्या दाराची फट वर निमुळती आणि खाली रुंद दिसते आहे, म्हणजे कूज तिथे पोचली असावी. आपले सुतार सागवान सुचवतील. पावसाला सागवान उत्तम, पण अॅशची लवचिकता त्यात नाही. जे लाकूड धड आहे ते राहू द्या, कुजलेला तुकडाच बदला, आणि जुना तुकडा नवीन बसेपर्यंत टाकू नका, माप त्याच्यावरच आहे.

रंगाविषयीही उतावीळ होऊ नका. मित्राला लाल हवा, आज गाडी निळी आहे. आधी डॅशबोर्डच्या मागे आणि टूलबॉक्सच्या तळाशी बघा, तिथे सहसा मूळ रंग तग धरून असतो. मग एखाद्या झाकल्या जागी रुपयाएवढं वर्तुळ पाणी लावून बारीक पॉलिश पेपरने घासा. थर एकाभोवती एक, झाडाच्या खोडासारखे दिसतील. त्या वर्तुळात तुमच्या घराचा सगळा काळ दिसेल. तो बघून, घरात बोलून, मग रंग ठरवा. निळा आजोबांनी दिला असेल आणि पत्रा अजून धड असेल, तर मी नुसतं पॉलिश करून थांबले असते.

हे मी का सांगते, त्याला कारण आहे. माझ्या वडिलांची स्टँडर्ड हेरल्ड आम्ही बहीण-भावंडांनी नवी केली, तेव्हा डॅशबोर्डची लाकडी फळी पॉलिशला दिली. काम सुरेख झालं. घरी आणल्यावर भावाने फळी उलटी केली आणि गप्प झाला. मागच्या बाजूला वडील पेन्सिलीने ऑइल बदलल्याच्या तारखा लिहायचे, वर्षानुवर्षांच्या. कारागिराने दोन्ही बाजू घासल्या होत्या. त्याची काहीच चूक नव्हती, आम्ही त्याला सांगितलं नव्हतं. कारण आम्हीच फळी उलटून पाहिली नव्हती. त्याच वेळी क्रोमला दिलेले बारीक भाग मोजून न दिल्यामुळे चार परत आले नाहीत, तेही दुःख आहे, पण ते भाग पुढे मिळाले.

म्हणून या रविवारी पाना हातात घेऊ नका. शेडचं दार उघडा, आत्यांसाठी गाडीजवळ खुर्ची ठेवा, मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि त्यांना बोलू द्या. इंजिन बदललं तेव्हा त्या विशीच्या उंबरठ्यावर असतील, ब्रॅकेट कुणाच्या लेथवर झालं तेही कदाचित त्यांना आठवेल. भावालाही बोलवा. मग गाडीचे फोटो काढा, आतून, खालून, प्रत्येक वायर कुठून कुठे जाते ते. मुलीला चिठ्ठ्या लिहायला बसवा; सुटणारा प्रत्येक बोल्ट पिशवीत आणि पिशवीवर चिठ्ठी, हे काम मुलं मन लावून करतात. बॅटरी लावायची वेळ येईल तेव्हा एवढं लक्षात ठेवा : टीडी मुळात पॉझिटिव्ह अर्थची गाडी आहे, म्हणजे बॅटरीचं धन टोक गाडीच्या चासीला जोडलेलं असतं. आजोबांनी १९७१ मध्ये ते बदललं होतं का, हे वायरी तपासल्याशिवाय टर्मिनल जोडू नका. आणि पितळी पट्टीवरचा नंबर वाचता आला, तर मला जरूर कळवा.